मुरलीधररावांची सुट्ट्यांची यादी

फेब्रुवारी संपत आला की सेनगावच्या आमच्या शाखेत एका माणसाला पालवी फुटायची. झाडांचं नंतर. मुरलीधरराव, आमचे सगळ्यात जुने क्लार्क, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून रजिस्टरच्या आत डिंकानं चिकटवलेली सुट्ट्यांची यादी उघडायचे आणि लाल पेनानं एकेका ओळीखाली रेघ ओढायचे. धूलिवंदन, पाडवा, रामनवमी, महावीर जयंती, गुड फ्रायडे, आंबेडकर जयंती. रमजान ईदेवर त्यांचा वेगळाच जीव. ती चंद्रावर चालणारी, त्यामुळं कुठल्याही आठवड्यात टपकू शकते आणि कधीकधी रविवारला लागून येते. लागून आली म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं की विचारू नका.

मी कॅशवर. आमच्यात काचेची एक फळी, आणि घरी गेलं तरी सुटका नाही, कारण राहायला त्यांच्याच गल्लीत. म्हणजे हा माणूस मी पंधरा वर्षं सकाळ-संध्याकाळ भोगलाय. तेव्हा माझ्या बोलण्यात तिखट लागलं तर लागू द्या.

त्यांना सगळ्या धर्मांचा आदर होता. अगदी मनापासून, पण छापील आदर. ज्या सणाला बँक बंद, तो सण थोर. ज्याला उघडी, तो सण म्हणजे बायकांचं काहीतरी. वटपौर्णिमेला ते मला म्हणाले होते, "ताई, मोठा सण असता तर यादीत नसता का आला?" मी उपाशी होते. नोटांची गड्डी हातात होती म्हणून वाचले ते.

एका वर्षी महावीर जयंती रविवारी आली. हा त्यांच्या दृष्टीनं घात. सुट्टी बुडाली. सोमवारी सकाळी पडलेल्या तोंडानं ते बाजारातल्या जैन शेठच्या कापडाच्या दुकानात गेले, गादीवर टेकले, आणि शेठचा हात हातात घेऊन म्हणाले, "शेठ, यंदा तुमच्यावर लई वाईट वेळ आली बघा." शेठ पांढरेफटक. दुकानातला माणूस धावत पाणी घेऊन आला. शेठच्या थोरल्या भावाची तब्येत आधीच तोळामासा, त्यांना वाटलं गेला भाऊ. "कधी झालं?" त्यांनी कसंबसं विचारलं. मुरलीधरराव म्हणाले, "कालच की. रविवारी." शेठनी भिंतीला डोकं टेकलं. खरी गोष्ट कळल्यावर शेठनी त्यांना बाहेर काढलं नाही, चहा पाजला. ही त्या शेठची सभ्यता. मी असते तर कापडाचा तागा फेकून मारला असता.

बदलून आलेल्या प्रत्येक माणसाची ते उलटतपासणी घ्यायचे. गाव विचारायचे नाहीत, लेकरंबाळं विचारायचे नाहीत. पहिला सवाल, "तुमच्याकडं वसंतात काय असतंय?" आणि लगोलग दुसरा, "बंद किती दिवस?" केरळचा एक अधिकारी आला होता, त्यानं विशूचं सांगितलं. पहाटे डोळे मिटून उठायचं आणि पहिल्यांदा फळं, फुलं, सोनं, आरसा असं मांडलेलं बघायचं. किती सुंदर सांगत होता तो बिचारा, घरच्या आठवणीनं डोळे भरून आलेले. मुरलीधररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय, ते खरं. पर त्या दिवशी बँक बंद का उघडी?" आसामचा एक पोरगा म्हणाला, आमचा बिहू सात दिवस चालतो. यांनी पेन खाली ठेवलं. "सात? आन सुट्टी?" तो म्हणाला, दोन. मुरलीधरराव संध्याकाळपर्यंत बेचैन होते. "सात दिवसाचा सण आन दोन दिवस बंद. म्हंजे पाच दिवस लुबाडले की हो लोकांचे!"

पण त्यांचा खरा देव साता समुद्रापार होता. कुठंतरी वाचलं होतं त्यांनी की विलायतेत वसंतात एक सुट्टी बँकेच्याच नावानं असते. त्या दिवसापासून या माणसाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. पुसेगावचा एक म्हातारा पासबुक भरून घ्यायला खिडकीशी उभा होता, त्याला यांनी धरलं. "बाबा, तिकडं बँकेचीच सुट्टी असती. देव न्हाई, संत न्हाई, जयंती न्हाई, मयत न्हाई. निव्वळ बँक! याला म्हनत्यात कदर."

म्हाताऱ्यानं विचार केला. "मंग त्या दिशी लोक बँकेची पूजा करत्यात का?"

"न्हाई. बाहेर गवतावर बसून जेवत्यात म्हनं."

"ते तर आमी रोजच करून राहिलो," म्हातारा म्हणाला. "पासबुक द्या, जीप निघाली."

आता तुम्हाला वाटेल, इतका सुट्टीचा सोस म्हणजे घरी मोठी मौज चालत असेल. पाडव्याला त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पहाटे उठून गुढी उभारायच्या, श्रीखंडाचा चक्का टांगायच्या, दाराला तोरण लावायच्या. यांचं काय? हे बरोबर साडेदहाला बनियनवर ओट्यावर येऊन बसायचे. साडेदहाला, कारण तेव्हा काउंटर उघडतं. घड्याळाकडं बघून म्हणायचे, "आत्ता गर्दी सुरू झाली असती." बाराला म्हणायचे, "आत्ता लिंक गेली असती." दोनला जेवणाची वेळ झाली की खूश व्हायचे, कारण आज त्यांना जेवायची घाई नव्हती. आणि साडेचारला खिन्न. कामाचे तास संपले, आता सुट्टीची चव कशी लागणार? काकू एकदा मला हिरीवर, म्हणजे आमच्या गल्लीतल्या बोअरवर, हंडा भरताना म्हणाल्या, "सणाला ह्यानला येकच काम, बाई. घड्याळ बघायचं. नैवेद्याला हाक मारली तं म्हनत्यात, थांब, आत्ता क्लिअरिंग चालू हाय."

आणि हाच माणूस दुसऱ्यांना रजा द्यायच्या वेळी असा कंजूष, की जणू स्वतःच्या अंगावरचं मांस कापून देतोय. रजेचं रजिस्टर त्यांच्या ताब्यात. मॅनेजर दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, त्यांना इथलं काही ठाऊक नसायचं, तेव्हा मुरलीधरराव शिफारस करतील ती रजा. माझ्या सख्ख्या भाचीच्या साखरपुड्याला यांनी मला अर्धा दिवस दिला. अर्धा! वर म्हणतात, "ताई, रजा मागावी लागती, सुट्टी मिळती. मागायची सवय वाईट." वाटलं, यांच्या तोंडावर ते रजिस्टर आपटावं.

उत्तम राठोड आमच्याकडं कंत्राटी शिपाई. पाणी, चहा, फायली, शटर, सगळं तोच. पुसेगावच्या अलीकडं त्याचा बंजारा तांडा. आठ वर्षं झाली कंत्राटावर, दर मार्चला कागद नवा होतो, आणि दर मार्चला त्याचं वजन दोन किलो उतरतं. एक दिवस न सांगता गैरहजर राहिला की कागद नवा होत नाही, इतका साधा हिशोब. आधीचा शिपाई तसाच गेला होता.

त्या उत्तमला लग्नानंतर नऊ वर्षांनी पोरगं झालं. दवाखाने झाले, औंढ्याला नागनाथाला नवस झाला, बायकोला माहेरी पाठवा म्हणणारे झाले, आणि मग झालं. होळीला ते पोरगं पाच महिन्यांचं. तांड्यावर वर्षभरात जन्मलेल्या मुलाची पहिल्या होळीला धुंड करतात. म्हणजे असं, की एका वडीलधाऱ्याच्या मांडीवर लेकराला बसवायचं, त्याच्या डोक्यावर एक काठी आडवी धरायची, आणि तांड्यातले गडी त्या काठीवर आपल्या काठ्या वाजवत त्याला आशीर्वाद गातात. पहिल्या होळीला, एकदाच. उत्तमनं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चिरकत होता. "मॅडम, नऊ वर्सं दुसऱ्याच्या लेकराच्या धुंडीत काठी वाजवली."

तांड्याची होळी आपल्यासारखी संध्याकाळी पेटत नाही. पहाटे पेटते, आणि कुठल्या पहाटे ते तांड्याचा नायक सांगतो. पण त्या साली पौर्णिमेला ग्रहण आलं आणि सगळा घोळ झाला. एक पंचांग म्हणे मंगळवार, दुसरं म्हणे बुधवार. नायकाचाही निकाल लागेना. तेव्हा त्यानं उत्तमला सांगितलं, "तुज्या बँकेत ते सुट्टीवाले सायेब हायत ना? त्यानला इचार. समद्या जातीधर्माचे सण त्यानला पाठ."

झालं! मुरलीधररावांना याहून मोठा मान आयुष्यात मिळाला नव्हता. एक अख्खा तांडा आपल्याला विचारून होळी पेटवणार. त्यांनी यादी उघडली, लाल रेघेवर बोट ठेवलं आणि निकाल दिला. "मंगळवार. छापील हाय. नायकाला सांग, बेफिकीर राहा." मंगळवारी बँक बंद, म्हणून उत्तमला रजेचीही गरज नाही. नायकानं मंगळवार पक्का केला. पाहुण्यांना निरोप गेले.

सोमवारी चारला उत्तम घरी गेला. साडेचारला माझ्या मोबाईलवर मेसेज आला: ग्रहणामुळं सुट्टी मंगळवारऐवजी बुधवारी, मंगळवारी कामकाज नेहमीप्रमाणे. मी तशीच उठून मुरलीधररावांच्या नाकासमोर मोबाईल धरला.

"काका, हे बघा. उत्तमला फोन लावा."

त्यांनी चष्मा वर केला. "असले मेसेज लई फिरत्यात ताई. यादी सरकारी हाय."

"हा पण वरूनच आलाय."

"तीस वर्सं झाली, यादी कवा चुकली न्हाई," असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. मी उत्तमला फोन लावला. तांड्यावर रेंज नव्हती. मी एकदाच लावला, हे पण सांगून टाकते. मग पिठाची गिरणी, पोरांचा अभ्यास, राहिलं.

मंगळवारी बँक उघडी होती, आणि नेमकी वरच्या ऑफिसची तपासणी त्याच दिवशी. मुरलीधरराव दहा वाजता आले. शर्टाच्या गुंड्या खालीवर लागलेल्या. मॅनेजरांनी घरी फोन करून उठवलं होतं त्यांना. मॅनेजर बिहारकडचे, वयानं लहान, तपासणीमुळं आधीच घाम फुटलेला.

"उत्तम कहाँ है?"

मुरलीधरराव गुंड्या सोडून पुन्हा लावायला लागले.

"ग्यारह-बारह बजे तक बुला लीजिए. नहीं आया तो एब्सेंट लगेगा, और आपको मालूम है, फिर मैं उसका कॉन्ट्रैक्ट नहीं बचा पाऊँगा."

फोन लागेना. मुरलीधरराव म्हणाले, "मी घेऊन येतो," आणि स्कूटीवर निघाले. मी काचेतून बघत होते. मला राग होता आणि थोडा आनंदही होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, जा आता स्वतःच्या तोंडानं सांग त्या पोराला, की बाबा सण माझ्यामुळं चुकला, ऊठ, शिपाईगिरी कर.

पुढचं मला दोन जागी कळलं. अर्धं उत्तमच्या मेहुण्यानं काढलेल्या व्हिडिओत, अर्धं उत्तमकडून.

व्हिडिओत पहिल्यांदा दिसतात त्या बायका. होळीच्या दिवसांत तांड्यावरून जाणाऱ्याला गाणी म्हणत अडवायचं आणि फाग, म्हणजे सणाची खुशी, घेतल्याशिवाय सोडायचं नाही, ही तिथली रीत. त्यांनी रस्त्यात दोर धरला आणि मुरलीधररावांची स्कूटी थांबवली. हे ओरडतायत, "अवं बाई, मी बँकेचा मानूस हाय! आज सुट्टी न्हाई! आज सण न्हाई!" पन्नास बायका आरशांच्या काचोळीत, फेटा बांधलेले गडी, डफ वाजतोय, धूर निघतोय, आणि हा गृहस्थ मधोमध उभा राहून सांगतोय की आज सण नाही. बायका हसून हसून पडल्या. एकीनं पळसाच्या फुलांचा रंग डोक्यावर ओतला. दुसरीनं काठीनं पायावर चापट दिली. ती पण रीतच. मी तो भाग किती वेळा बघितला असेल, आणि दर वेळी पोट धरून हसले.

मग नायक येतो. यांना ओळखतो, हाताला धरून मांडवात नेतो. दिवस ज्यानं सांगितला तो आजचा वडीलधारा, म्हणून घोंगडीवर बसवतो आणि उत्तमचं पोरगं यांच्या मांडीवर देतो. स्वतःच्या पोरांना या माणसानं कधी मांडीवर घेतलं असेल असं वाटत नाही, इतकं अवघडून धरलंय. डोक्यावर काठी आडवी होते. गडी गायला लागतात, काठ्या खणाखण वाजायला लागतात. आणि मुरलीधरराव दोन्ही हातांनी लेकराला छातीशी घेऊन त्याच्यावर असे वाकतात, जणू छप्पर पडतंय. सगळे सांगतायत, सायेब, घाबरू नका, काठी लागत न्हाई. ते वर बघतच नाहीत. पोरगं मात्र खालून त्यांचा चष्मा ओढतंय.

उत्तमनं त्यांना विचारलं होतं, "सायेब, तुमी कसं काय? बँकेत काही काम निघालं का?"

"न्हाई," ते म्हणाले. "काहून निघंल? सण बघायला आलो."

अडीच वाजता ते परत आले. एकटे. केसांपासून चपलेपर्यंत केशरी. तपासणीचे साहेब केबिनमध्ये, मॅनेजर दारात. मुरलीधरराव सरळ त्यांच्यासमोर गेले आणि म्हणाले, "उत्तम रजेवर आहे. रजा मी काल दिली. रजिस्टरमध्ये लिहायची राहिली, आत्ता लिहितो."

"लेकिन किस बात की छुट्टी? आज तो वर्किंग डे है!"

"आज सण आहे. मी डोळ्यानं बघून आलो. यादी चुकली."

मी फिसकन हसले. बाकीचेही हसले. तीस वर्षं ज्या यादीपुढं या माणसानं उदबत्ती ओवाळायची तेवढी बाकी ठेवली होती, ती यादी चुकली म्हणे, पण हा नाही चुकला! चूक कबूल करण्यापेक्षा सरकार खोटं पाडलं! पुढं महिनाभर ही आमच्या शाखेची करमणूक होती. चहा थंड आला, यादी चुकली. लिंक गेली, यादी चुकली. नक्कल मी सगळ्यात भारी करायची, मान तिरकी करून, चष्मा नाकावर आणून. ग्राहकसुद्धा हसायचे.

त्यांना मेमो आला. अधिकार नसताना कामाच्या दिवशी रजा दिल्याबद्दल खुलासा करा. त्यांनी खुलाशात तेच लिहिलं: सदर दिवशी तांड्यावर सण होता, रजा योग्य कारणासाठी दिली, यादी चुकीची होती. वरून उत्तर आलं, खुलासा समाधानकारक नाही. त्याच मार्चच्या शेवटी ते निवृत्त झाले. वर्षअखेरीचं काम चालू होतं, कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती, त्यामुळं हार नाही, नारळ नाही, भाषण नाही. उत्तमचा कागद मात्र नवा झाला. मुरलीधररावांच्या पेन्शनचे कागद खुलासा समाधानकारक होईपर्यंत अडकले.

त्यानंतर मला ते एकदाच नीट भेटले. काकूंना घेऊन ते गावाकडच्या घरात राहायला गेले होते. पोळा होऊन गेला होता. मी सकाळी बँकेत निघाले तर जीपच्या थांब्यावर हे उभे. हिंगोलीच्या ऑफिसला निघाले होते, कितव्यांदा कुणास ठाऊक. शर्ट स्वच्छ, पण कॉलर विरलेली. मला एकदम भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मी रागावते, सवयच आहे माझी.

"काका, किती दिवस हा हट्ट? एक ओळ लिहून द्या ना. नजरचुकीनं झालं, माफी असावी. आठ दिवसांत कागद सुटतात. एवढी कसली घमेंड?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "लिवलं असतं ताई. दोनदा लिवून फाडलं."

"का?"

"माजी नजरचूक म्हनलं, की ती रजा खोटी ठरती. रजा खोटी ठरली, की त्या दिवशी उत्तम गैरहजर." त्यांनी हातातली पिशवी सावरली. "चुकलो तर मीच होतो. तुमी मेसेज दाखवला होता की."

जीपवाला हिंगोली, हिंगोली ओरडत होता.

"त्याला सांगू नका पर," ते म्हणाले. "त्वो भोळा हाय. पळत जाईन आन सगळं लिवून दील."

जीप भरलेलीच होती. मागच्या बाकावर चौघांत त्यांनी अंग चोरून जागा केली, कागदांची पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून पुढं वाकून बसले. मी निघेपर्यंत ते तसेच बसले होते.